राखीव पलटणीची वकिली

मला बोलायला आवडतं, हे आधीच सांगून टाकते. आमच्या घरात मी एकटीच अशी. वडील जहाजावर नोकरीला, वर्षातून एकदा घरी यायचे आणि आले तरी गप्प. अम्मा रायगडच्या किनाऱ्यावरचं गाव सोडून नेरूळला आली, पण सोसायटीच्या मीटिंगमध्ये कायम शेवटच्या खुर्चीवर. मी मात्र नवी मुंबईतच, पावणे गावच्या एमआयडीसीत, पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात पर्सोनेल ऑफिसर होते. दीडशे पुरुषांच्या हजेऱ्या, रजा, भांडणं आणि माफीनामे माझ्या टेबलावरून जायचे, आणि तिथे हळू बोलणाऱ्या बाईचं कुणी ऐकत नाही. 'मॅडम आल्या' म्हटलं की कँटीनमागचे विडीवाले विडी विझवायचे. याचा मला अभिमान होता. खोटं कशाला बोलू, बराच होता.

त्या तोंडाच्या जोरावरच मला दुसरं, बिनपगारी काम मिळालं. आमच्या सोसायटीत एक रिटायर्ड कर्नलसाहेब राहायचे. देशात राखीव पलटण नावाची गोष्ट असते, हे मला त्यांच्याकडून कळलं. त्यातली माणसं एरवी कारखान्यात नाहीतर ऑफिसात नोकरी करतात, वर्षातून एकदा वर्दी घालून कॅम्पला जातात, आणि वेळ आली तर सरकार त्यांना बोलावून घेतं. तेवढ्या काळात मालकाने त्यांची नोकरी राखून ठेवायची, असा कायदा आहे. पण कायदा वाचतो कोण? मालकाला फक्त रिकामं पडलेलं मशीन दिसतं. म्हणून कर्नलसाहेबांनी गावातली पाचसहा बोलकी माणसं गोळा केली होती. मी त्यातली एकटी बाई. शनिवारी अर्ध्या दिवसानंतर त्यांच्या जीपमधून एखाद्या कारखान्यात जायचं, मालकाला आणि कामगारांना पलटण समजावून सांगायची, आणि 'माझ्या माणसाला मी सोडीन, परत आल्यावर त्याची जागा त्यालाच देईन' अशा कागदावर मालकाची सही घ्यायची. सही झाली की कर्नलसाहेब शाल, नारळ आणि फ्रेम केलेलं प्रशस्तिपत्र द्यायचे. मालक लोक फ्रेमवर फार खूष असत.

सगळेच काही गोड बोलायचे नाहीत. तळोज्यातल्या एका केमिकलवाल्याने मला सरळ सांगितलं, "मॅडम, फौज सांभाळायला सरकार आहे. माझा बॉयलर कोण सांभाळणार, तुमी?" मी म्हटलं, शिकवा, सांभाळते. कर्नलसाहेब खो खो हसले. केमिकलवाल्याने सही केली नाही ती नाहीच, पण चहा मात्र पाजला. घरी येऊन मी अम्माला हे रंगवून सांगितलं, तर ती म्हणाली, "काय गो, आपल्या कारखान्यात तरी सगळं नीट हाय ना?" मी म्हटलं, आपल्या कारखान्यात तर सगळ्यात नीट आहे.

आणि तसं मला खरंच वाटत होतं. पहिली सही मी आमच्याच मालकाची घेतली होती. त्याची फ्रेम मालकाच्या केबिनमध्ये, गणपतीच्या तसबिरीखाली लावलेली. आमच्याकडे पलटणीतला माणूस एकच. मोठ्या लेथ मशीनवर काम करायचा. सातारा जिल्ह्यातला, नेरूळजवळच्या शिरवणे गावात चाळीत भाड्याने राहणारा, बायको आणि शाळेत जाणारी मुलगी. बारा वर्षं नोकरी झाली होती आणि एकदाही माझ्यासमोर माफीनामा लिहायला उभा राहिला नव्हता. दर वर्षी कॅम्पचं पत्र आलं की तो ते हजेरी ठेवणाऱ्या टाइम ऑफिसात देऊन जायचा, आणि परत आला की सरळ लेथवर. मला तो फार आवडायचा. आपल्या कामाचा नमुना म्हणून दाखवता येईल असा माणूस होता.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. त्या उन्हाळ्यात सीमेवर लढाई पेटली. टीव्हीवर रोज तिरंग्यात गुंडाळलेल्या पेट्या दिसायच्या आणि आम्हाला एकाएकी भाव आला. कालपर्यंत दारात उभं न करणारे मालक फोन करून बोलवायला लागले. अशाच एका शनिवारी मी गेटबाहेर जीपमध्ये चढत होते आणि तो धावत आला. हातात तार होती.

"मॅडम, बोलावणं आलंय. उद्याच्या गाडीनं निघायचं. ही तार टाइम हाफिसात द्यायची व्हय? तितला साहेब आज सुट्टीवर हाय."

मी तार घेतली आणि वाचली. ज्या गोष्टीबद्दल मी दोन वर्षं बोलत होते ती माझ्या हातात होती, गुलाबी कागदावर, चिकटवलेल्या पट्ट्यांत. मी त्याला म्हटलं, "माझ्याकडे असू दे. तू निर्धास्त जा. तुझी जागा मी राखते, हा माझा शब्द."

तो टाचा जुळवून उभा राहिला आणि त्याने मला सॅल्यूट ठोकला. गेटवरच्या वॉचमनसमोर, कर्नलसाहेबांसमोर. माझा ऊर भरून आला, डोळेही.

ती तार मी सोमवारी फाइलला लावायची होती. तेवढंच काम होतं. पण त्याच संध्याकाळी भाषण करताना मी ती पर्समधून काढली आणि उंच धरून म्हटलं, "ही बघा. आमच्या कारखान्यातला माणूस उद्या निघतोय, आणि त्याची जागा त्याची वाट बघत राहणार आहे." काय टाळ्या पडल्या! तिथल्या मालकाने उभ्याउभ्या सही केली. मग पुढच्या शनिवारीही मी तीच तार काढली, आणि त्याच्या पुढच्याही. घड्या पडून पडून ती मऊ झाली होती. मी तिला प्लास्टिकच्या पाकिटात घातलं.

गणपती होऊन गेल्यावर तळोज्यात एका कारखान्याने आम्हाला बोलावलं. शेडमध्ये शंभरेक कामगार खाली बसले होते, मालक समोरच्या खुर्चीत, गुडघ्यावर कागद आणि हातात उघडलेलं पेन. मी रंगात आले होते. तार काढली, उंच धरली, आमच्या लेथवाल्याची गोष्ट सांगितली. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतला एक फिटर उभा राहिला. जाडजूड, मिशीवाला, शिरवण्याचाच मूळचा.

"मॅडम, तो तं आमचाच भाडोत्री हाय," तो म्हणाला. "त्याला तुमी कामावरना काढला ना?"

मला वाटलं, हा दुसऱ्या कुणाबद्दल बोलतोय. मी हसले. म्हटलं, "नाही हो दादा, तो सीमेवर गेलाय."

"सीमेवर गेला त्यो खरा. पन लेटर आलाय ना घरी. तुमची सही हाय त्याच्यावर. विंग्रजीन होता, म्हनून मीच त्याच्या बायकोला वाचून दावला."

तो भांडत नव्हता, हेच वाईट होतं. त्याला खरंच विचारायचं होतं की हे कसं. शंभर माणसं माझ्याकडे बघत होती आणि माझा हात अजून वरच होता. मालकाने पेनचं टोपण लावलं. तो 'टक्' आवाज मला ऐकू आला. मी काहीतरी बोलले, बहुतेक 'चौकशी करते' म्हटलं, आणि खाली बसले. जीपमध्ये कर्नलसाहेबांनी एवढंच विचारलं, "खरं आहे का?"

"शक्यच नाही," मी म्हटलं.

मी त्यांना शिरवण्याच्या नाक्यावर जीप थांबवायला लावली आणि एकटीच चाळीत गेले. त्याची बायको नुकतीच कामावरून आली होती. कोणत्या कामावरून, तर वाशीच्या मार्केटात कांदा निवडायला जात होती. अंगाला, पदराला कांद्याचा वास. मला बघून ती घाबरली नाही, रागावली नाही, घाईघाईने खुर्ची पुसली. "या मॅडम, बसा. च्या टाकते."

"चहा नको. पत्र दाखव."

तिने देव्हाऱ्यामागून पिशवी काढली. आत तीन पत्रं होती. पहिलं, 'आपण विनापरवाना गैरहजर आहात, ताबडतोब हजर व्हा.' दुसरं तेच, जरा दरडावून. तिसरं, 'आपलं नाव हजेरीपटावरून कमी करण्यात आलं आहे.' तिन्हींच्या खाली माझी सही. माझीच. शेवटच्या अक्षराची शेपटी लांब ओढते तशी ओढलेली. बोट लावून बघितलं तरी ती माझीच होती.

मी तिच्यावरच ओरडले. आज लिहिताना लाज वाटते, पण ओरडले. "अगं, मग तू गेटवर का नाही आलीस? तीन महिने काय करत होतीस? मला येऊन का नाही विचारलंस?"

ती उठली आणि पिशवीतून अजून एक कागद काढला. निळं आंतर्देशीय पत्र, त्याचं. "त्यास्नी कळवलं हुतं मी. ह्ये त्यांचं आलं," म्हणाली. मी वाचलं. मोठ्या, सरळ अक्षरात लिहिलं होतं: कागद चुकून आला आसंल. मॅडमनी मला शब्द दिलाय. तू गेटवर जाऊ नको आणि कुणाला काय बोलू नको, मॅडमना वाईट वाटंल.

मी ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचायची हिंमत झाली नाही. तो कुठल्या तरी पुलावर रात्रंदिवस पहारा देत होता, इकडे त्याची नोकरी मी घालवली होती, आणि त्याला काळजी कसली, तर मला वाईट वाटेल याची.

"लोकं कायबाय बोलत्यात," ती हळूच म्हणाली. "म्हनत्यात, फौजंचं नाव सांगून पळाला, कारखान्यात चोरी केली आसंल. पोरगी शाळंत रडून येती. पर म्या म्हटलं, येतील तवा मॅडमच सांगतील."

मी म्हटलं, मी आज सांगते. चाळीच्या मधोमध उभी राहून मी नळावरच्या बायकांना मोठ्याने सांगितलं की त्याने चोरी केली नाही, तो पळाला नाही, चूक माझी आहे. बायका हंडे धरून बघत राहिल्या. एरवी माझ्या आवाजाला लोक दबायचे. त्या दिवशी माझा आवाज फाटला.

चूक कशी झाली, ते सोमवारी उलगडलं. पावण्याला मे महिन्यात निम्मा कारखाना गावी जातो. कुणी साताऱ्याला, कुणी कोकणात. लग्नं, जत्रा, घराची कौलं. पंधरा दिवसांची रजा घेतात आणि महिना काढतात. म्हणून टाइम ऑफिसचा क्लार्क जूनमध्ये छापील पत्रांचा गठ्ठा पाठवतो. हे सगळ्यांना माहीत असतं. पत्र मिळालं की माणूस हसत हसत आंबे घेऊन येतो, माफीनामा लिहितो, कामाला लागतो. तिसरं पत्र जाईपर्यंत कुणी गावी राहतच नाही. आमच्याकडे ते पत्र म्हणजे आईने 'घराबाहेर काढीन' म्हणावं, तेवढंच.

आणि त्या पत्रांवर मी सह्या करायचे कशा, तर क्लार्क कागद एकावर एक जरा जरा सरकवून ठेवायचा, फक्त सहीच्या जागा उघड्या. दहा मिनिटांत पन्नास सह्या. यातही मला अभिमान होता.

"मला वाटलं हा पण गावाला गेला," क्लार्क म्हणाला. "कॅम्पला जातो तेव्हा पत्र फाइलला असतं. यावेळी काहीच नव्हतं, मॅडम."

"अरे, पण अख्ख्या कारखान्याला माहीत होतं तो लढाईवर गेलाय!"

"माहीत होतं. पण तुमची सही झाली होती. आमी म्हटलं, मॅडमनी सही केलीय म्हणजे काहीतरी असेल. तुमाला कोण विचारणार?"

तार माझ्या पर्समध्ये होती. प्लास्टिकच्या पाकिटात, सुरकुती पडू नये म्हणून. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, ही म्हण मी शाळेत पाठ केली होती. ती माझ्याबद्दल आहे हे मला वयाच्या पस्तिसाव्या वर्षी कळलं.

मालकाकडे गेले. लेथवर आता तात्पुरता म्हणून आलेला सुपरवायझरचा मेहुणा उभा होता आणि त्याचं काम बरं चाललं होतं. मालकाने सगळं ऐकून घेतलं, वर फ्रेमकडे बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, तुमी टेन्शन घेऊ नका. तो परत आला की बघू. आता पत्र गेलंय, नाव कमी झालंय."

"साहेब, कायद्याने त्याला काढताच येत नाही."

"कायदा मला तुमीच शिकवलाय. पण पत्रही तुमीच दिलंय. तीन वेळा." तो रागावला नव्हता, त्याच्या बाजूने सरळ हिशेब होता. "एक तर पत्र बरोबर, नाहीतर तुमी चूक. माझ्याकडे लेखी काय आहे? पत्र आहे. तुमी चूक असाल तर तेही लेखी द्या, मी त्याला घेतो, जुन्या नोकरीसकट. मग उद्या युनियनने विचारलं की असं पत्र निघालंच कसं, तर तुमचा कागद दाखवीन."

मी कागद ओढला. आजवर कितीतरी माणसांना मी माझ्यासमोर उभं करून माफीनामे लिहायला लावले होते. 'नुसतं चूक झाली लिहू नकोस, हलगर्जीपणा लिही,' असं सांगायचे. आता माझं पेन त्याच शब्दावर अडलं. मी चहाला उठले, परत बसले. शेवटी लिहिला. माझ्या हलगर्जीपणामुळे. सही केली, आणि त्या एका सहीला मला दहा मिनिटांहून जास्त लागली.

तो हिवाळ्यात परतला. रापलेला, वाळलेला, हनुवटीवर थंडीने फुटलेल्या चिरा. मी त्याला केबिनमध्ये बसवून सगळं सांगितलं, तार, सह्या, कागद. त्याने शांतपणे ऐकलं. "मला वाटलंच, चुकून झालं आसंल," म्हणाला. "तुमी कागद लिहून दिला, लई झालं. मी जाऊ का लेथवर?" मी म्हटलं, अरे, काहीतरी बोल. तो म्हणाला, "काय बोलू मॅडम?" त्याने शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या दिवसापासून तो मला नमस्कार करायचा. पूर्वीसारखाच, हसून. सॅल्यूट मात्र त्याने मला परत कधी केला नाही, आणि तो मागायचा माझा अधिकारही नव्हता.

मी कर्नलसाहेबांना सांगितलं, मला या कामातून मोकळं करा. त्यांनी ऐकलं नाही. म्हणाले, "चूक झाली, ती निस्तरली, आता पुढे चला." नवीन पोरं पलटणीत भरती व्हायला तयार होती, पण नोकरी जाईल या भीतीने मागे हटत होती. त्यांच्यासाठी नेरूळच्या एका हॉलमध्ये सभा ठेवली आणि माझ्या नकळत आमच्या लेथवाल्याला बोलायला बोलावलं. मी पहिल्या रांगेत होते. तो स्टेजवर चढला तेव्हाच मला कळलं.

त्याने कॅम्पबद्दल सांगितलं, पुलाबद्दल सांगितलं, थंडीबद्दल सांगितलं. मग त्याने माझ्याकडे बघितलं.

"तुमची नोकरी जानार न्हाई," तो पोरांना म्हणाला. "ह्या मॅडम हायत, त्या बघत्यात. ह्यांच्यासारखं मानूस मी बघितलं न्हाई. सोताची चूक सोता लिहून दिली, मोठ्या हाफिसरनं. देवमानूस हाय."

हॉलभर टाळ्या झाल्या. मी मान खाली घातली. टाळ्या थांबेपर्यंत तो थांबला. मग, ज्याने तीन पत्रं मिळूनही माझ्या एका शब्दावर बायकोला गेटवर येऊ दिलं नव्हतं, तो माणूस अगदी मायेने म्हणाला,

"पर तार आली की ती मॅडमच्या हातात देऊ नका. टाइम हाफिसात द्या, आन पोच घ्या."

पोरं वहीत लिहून घेत होती. मागून कुणीतरी विचारलं, मॅडम स्वतःच मागायला लागल्या तर? त्याने थोडा विचार केला.

"मॅडमनी मागितली," तो म्हणाला, "तरी न्हाई."